मुंबईला नेलेल्या दशम्या

यंदा फाल्गुनातच आमच्या विहिरीनं तळ दाखवला. चिंचेला तेवढी नवी पालवी आहे, बाकी शिवार करडं. सकाळी दूध संस्थेच्या ओट्यावर किटल्या येतात त्या वाजत येतात. भरलेली किटली वाजत नसते. परवा कळलं की चारा-छावणीसाठी संस्थेची माणसं मुंबईला निघालीत आणि या खेपेला त्यांत दोन सुनाही आहेत. त्यातली धाकटी, सुनंदा, दुपारची माझ्याकडं आली. मला वाटलं अर्ज वाचून घ्यायला आली असेल.

तर म्हणाली, "काकू, तुमी बाहत्तरच्या दुष्काळात गेल्ता न्हवं मुंबईला? तिथं खायाचं काय आन् कुठं, तेवढं सांगा. अर्जाचं सचिव बघतेत."

मी हसले नाही. प्रश्न बरोबर होता. अर्ज कुणीही लिहितो. परक्या गावात चार दिवस पोट कुणाच्या भरवशावर टाकायचं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मी तिला सांगितलं ते असं. उडप्याकडं राईस प्लेट घ्यावी. भात मागितला तर पुन्हा वाढतात, पोळी वाढत नाहीत, म्हणून पोळी बेतानं खावी. इराण्याचा चहा घोटभर असतो पण दमदार असतो. सकाळी त्याच्यावर दोन तास निघतात. भेळ रस्त्यावरची खाऊ नये, कितीही वास आला तरी. मासळीचा वास सोसत नसेल तर पदर नाकाला लावू नये, समोरच्याला राग येतो. तोंडानं श्वास घ्यावा. कचेरीत दुपारी एक ते दोन कुणी भेटत नाही, त्या वेळात जेवून घ्यावं, पण बाहेर जाऊन. कचेरीच्या आवारात डबा सोडू नये.

"आन् घरनं काय न्यावं?" तिनं विचारलं.

 चुलीवर दूध आहे असं सांगून मी उठले. चुलीवर काही नव्हतं.

बाहत्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्या बाया खडी फोडायला जात होतो. कामावर सुकडी मिळायची, गोडसर भरड, ती लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीच्या कडा फाटायच्या, भाजली की काळपट तांबडी दिसायची आणि निवली की चिवट व्हायची. पोरं चावून चावून थुंकायची. गुरांचं त्याहून वाईट. छपरावरचं पाचट उतरवून आम्ही त्यांना घातलं होतं. ते संपल्यावर शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, जे हाताला लागेल ते. आमच्या सात वाड्यांच्या छावणीचा अर्ज वर गेला आणि वरच कुठं तरी बसला. कुठल्या कचेरीत, ते नाव आता सांगण्यात अर्थ नाही.

माझे मालक संस्थेचे सचिव. त्या वर्षी त्यांना कावीळ झाली, म्हणून रजिस्टर माझ्याकडं आलं आणि रजिस्टर ज्याच्याकडं त्यानं मुंबईला जायचं ठरलं. चेअरमन दगडूअप्पा बरोबर होते. लिंगायत, साठी उलटलेले, परमुलखात परक्या हातचा पाण्याचा घोटही न घेणारे. तिसरी शांताबाई. कुणीतरी सांगितलं होतं की बाया दिसल्या तर साहेब ऐकून घेतात. शांताबाई बौद्ध वस्तीतली, खडीवर माझ्याच टोळीत. तिच्याकडं एकच गाय, तांबू, भावानं दिलेली. सहा महिन्यांची गाभण होती. निघायच्या दिवशी शांताबाईच्या मालकानं आमच्या देखत तिला सांगितलं, "आजपासनं पाचव्या दिवशी आपल्या वाशीचा गुरांचा बाजार हाय. तवर छावणीचा कागद आणलास तर ठिवतो. न्हायतर दावणीला मरू देण्यापरीस बाजार बरा." तो माणूस दुष्ट नव्हता. घरावरचं सगळं पाचट त्यानं तांबूला घातलं होतं, आणि चार महिने त्यांच्या डोक्यावर नुसते वासे होते.

म्हणजे आमच्याजवळ पाच दिवस होते. त्यांतले दोन जाण्यायेण्यात जाणार.

शिदोरीचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले होते की जे रोज खातो ते बांधू. अप्पांची बायको उसळली. "मिलो घिऊन राजधानीला जाता? साऱ्या गावाचं नाक कापायचंय व्हय? आन् ह्यांनी काय खायाचं? ह्यांना तर बाहेरचं चालत न्हाय." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दशमी दुधात मळतात, पाण्याचा हात लागत नाही, म्हणून सोवळ्यातल्या माणसाला ती कुठंही बसून खाता येते, आणि टिकतेही. कुणी कणगीच्या तळाशी बियाण्यासाठी ठेवलेली शाळू ज्वारी काढली, कुणी पळीभर दूध दिलं. दूध होतंच थोडं. पाचट खाऊन का होईना, गुरं आटता आटता देत होती, आणि खरं सांगायचं तर टँकरच्या गढूळ पाण्यापेक्षा दूध स्वच्छ होतं. अप्पांच्या ओसरीवर पंचवीस दशम्या झाल्या. वर शेंगदाण्याची चटणी. थापायला मीही होते. मला तेव्हा काही खटकलं नाही.

बार्शीपर्यंत एसटी, तिथून कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी, पुढं मोठी. मुंबईत उतरल्यावर तालुक्याच्या ओळखीनं एका आमदारांच्या खोलीत जमिनीवर जागा मिळाली. सतरंजी त्यांची, उशाला आमच्या पिशव्या.

मुंबईची पहिली आठवण खाण्याची नाही, पाण्याची आहे. खोलीखालच्या उडप्याकडं मी आणि शांताबाई चहाला बसलो. अप्पा बाहेर उभे. न मागता पोऱ्यानं आमच्यापुढं दोन पेले गच्च भरून पाणी ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून गेला, त्याचा पेला तसाच भरलेला. पोऱ्यानं तो उचलला आणि बादलीत ओतला. शांताबाईनं उठून त्याचं मनगट धरलं.

"आरं आरं! वततोस कामून?"

पोरगं घाबरलं. गल्ल्यावरचा मालक उठला. मी तिला खाली बसवलं. तिनं आपला पेला संपवला, माझा संपवला आणि पुढचा भरून आला तोही संपवला. मग बाहेर अप्पांकडं बघून म्हणाली, "वहिनी, अप्पांना एक निऊन दिऊ का? पाणी काय, नळाचंच हाय."

"नको," मी म्हणाले. "आज पहिला दिवस आहे."

कचेरीत आम्ही दहाला जाऊन बसलो. कारकून कोकणातला होता, बोलायला बरा. फाईल साहेबांच्या टेबलावरच आहे म्हणाला, आज सही झाली तर उद्या कागद हातात. मी शांताबाईकडं बघितलं. ती बोटं मोजत होती. उद्या कागद, परवा गाव, तेरवा बाजार. बसत होतं.

एक वाजला. अप्पांनी काल दुपारपासून नीट खाल्लं नव्हतं, म्हणून तिथंच व्हरांड्याच्या टोकाला आम्ही गाठोडं सोडलं. तिघांनी तीन बाजूंना तोंडं केली होती, हेही सांगते. शांताबाईला मी दशम्या वरून टाकल्या, हातात दिल्या नाहीत. अप्पा बरोबर होते म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

चटणीच्या वासानं की काय, कारकून डोकावला. त्याच्यामागून साहेब आले, हात धुवायला निघालेले. आणि शांताबाईनं जे आमच्याकडचं कुणीही माणूस करील ते केलं. समोर कुणी उभं असताना आपण एकट्यानं खात नाही. तिनं एक दशमी, तिच्यावर चटणी, असं दोन्ही हातांवर धरून पुढं केलं. "घ्या साहेब."

साहेबांनी घेतली. मला ते आजही आवडतं, की त्यांनी घेतली. तुकडा मोडून खाल्ला आणि थांबले. "ही दुधातली आहे का? माझी आजी करायची."

"व्हय साहेब, दुधातलीच," शांताबाई म्हणाली. खुशीत होती.

"म्हणजे दूध आहे तुमच्याकडं."

अप्पांनी तिथं गप्प बसायला हवं होतं. पण बारा वर्षं त्यांनी ती संस्था उभी केली होती, एकेका घरी जाऊन, एकेक किटली जोडून. संस्थेच्या दुधाबद्दल कुणी विचारलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. "आमच्या संस्थेचं दूध एक नंबर, साहेब!" ते म्हणाले. "जिल्ह्यात इचारा कुणालाबी."

साहेब हसले, उरलेली दशमी खात आत गेले.

तीन वाजता फाईल बाहेर आली. कारकुनानं मला बाजूला घेतलं. सही नव्हती. शेरा होता, प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल द्यावा. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "अर्जात तुम्ही लिहिलंय, जनावरं मरणाच्या दारात आहेत. आणि साहेबांना खाऊ घातलीत दुधातली भाकरी."

अर्ज माझ्या अक्षरात होता. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही खोलीवर परतलो. गाठोड्यात पंधरा दशम्या होत्या आणि कुणी त्यांना हात लावेना. शेवटी शांताबाईच म्हणाली, "आता उपाशी हाव हे दाखवावं कसं, वहिनी? आठ महिनं उपाशीच हाव की."

दुसऱ्या दिवशी मला सुचलं ते सांगायला आता लाज वाटते, पण तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं. मिलोची एक भाकरी मिळवायची आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. साहेब, आम्ही हे खातो. ती पाहुण्यांची होती, ही आमची आहे. एवढंच. कागद लाख बोलो, त्या भाकरीकडं एकदा बघितलं की माणसाला कळतं.

मग आम्ही तिघं सबंध दिवस मुंबईभर मिलो शोधत फिरलो.

मी पुढं पाच-सहा वेळा मुंबईला गेले, संस्थेच्या कामानं, पोरीच्या लग्नाच्या खरेदीला. पण शहर बघितलं ते त्या एका दिवशी. जिलब्या तळताना बघितल्या, कढया एवढ्या की आमचं लेकरू आत बसेल. आंब्याच्या पेट्या बघितल्या, पेंढ्यात घातलेल्या, आणि अप्पा त्या पेंढ्याकडं बघत उभे राहिले, आंब्यांकडं नाही. "एवढ्यात एका गाईचं दोन दिस निघत्यात," ते म्हणाले. एका ठिकाणी ताकाचे मोठे पेले, एका ठिकाणी काचेआड गुलाबी रंगाचं काहीतरी, माणसं रांग लावून खात होती. रेशनच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, मागं आला होता, कुणी उचलला नाही, परत गेला. एका खानावळीचा मालक साताऱ्याकडचा निघाला. भाकरी मिळते अशी पाटी होती, म्हणून आत शिरलो. "मिलोची?" तो हसायला लागला. "बाई, गिऱ्हाईक मला मारंल की! बाजरीची देतो, गरम."

बाजरीची नको म्हणून आम्ही निघालो. तो दारात येऊन बघत राहिला.

दुपार कलता कलता गोदीच्या बाजूला फुटपाथवर पालं दिसली. बायांची लुगडी नेसायची तऱ्हा ओळखीची वाटली. शांताबाईनं विचारलं तर परांड्याकडची माणसं, दिवाळीनंतर आलेली. तीन दगडांवर चहा उकळत होता. एक बाई, माझ्याच वयाची, लेकरांना पाव मोडून चहात बुडवून देत होती. शांताबाई तिच्यापुढं बसली. "माय, तुमच्याकडं मिलो हाय का गं? एक भाकर पायजे. गार असली तरी चालंल."

ती बाई आमच्या तोंडाकडं बघतच राहिली. तिला वाटलं असेल, उन्हानं डोकं फिरलंय.

"मिलोच खायाचा आसता," ती म्हणाली, "तर गावातच ऱ्हायलो नसतो व्हय?"

तिचं बरोबर होतं. आम्ही तिथंच खाली बसलो. अप्पाही बसले, रस्त्याकडंला, धोतर न झटकता. तिनं चहा दिला तो शांताबाईनं आणि मी घेतला. शांताबाईनं गाठोडं सोडलं आणि पंधराच्या पंधरा दशम्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. बाईनं एक उचलून नुसता वास घेतला. "शाळूची हाय," ती म्हणाली, आणि सगळ्या पदरात बांधल्या. लेकरं मागायला लागली तर म्हणाली, "आज पाव खाल्लाव न्हवं? ही उद्या." मग आम्हाला म्हणाली, "पावाची भूक लगीच लागती बगा. पर लेकरांना लई ग्वाड लागतो."

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांपुढं काहीच खायला नव्हतं. त्यांना चालताना झोक जायला लागला तेव्हा मी त्यांना हाताला धरून उडप्याकडं नेलं आणि उपीट मागवलं. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले आणि खायला लागले.

"अप्पा," शांताबाई म्हणाली, "शंकर बघतोय."

"बघू दे," अप्पा घास न थांबवता म्हणाले. "त्यो बी उपाशीच हाय."

त्या तीन दिवसांत आम्ही तेवढंच हसलो.

कचेरीत गेल्यावर साहेबांनी आत बोलावलं. वाईट माणूस नव्हता, हेही सांगते. आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. शिपायाला म्हणाले, तीन चहा आण. शिपायानं विचारलं, दुधाचा ना? मी नकळत शांताबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. चहात दूध घेतलं तर कागदाला लागतं का नाही, ते तिला कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं.

"बिनदुधाचाच द्या," शांताबाई म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. त्यांना काही उमगलं की नाही, देव जाणे. ते म्हणाले, शेरा झालाय, आता पाहणीशिवाय इलाज नाही. पण पंधरा दिवसांच्या आत माणूस पाठवतो, माझा शब्द.

"पंधरा दिस न्हाय ओ साहेब," शांताबाई म्हणाली. "उद्या बाजार हाय."

"कसला बाजार?"

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. तांबू, पाचट, वासे, भाऊ, पोटातलं वासरू, एवढं सगळं त्या खोलीत कुठून सुरू करायचं? मी सांगायला हवं होतं. मला लिहिता येतं, बोलता येतं, म्हणूनच मला पाठवलं होतं. पण दुसऱ्या माणसाच्या एका गाईसाठी साहेबाला अडवावं असं मला वाटलं नाही. सात वाड्यांचा प्रश्न होता. मी म्हणाले, "पंधरा दिवस तर पंधरा दिवस, पण माणूस नक्की पाठवा." काळा चहा कडू होता. आम्ही तो संपवला.

साहेबांनी शब्द पाळला. माणूस आला, त्यानं गुरांच्या फासळ्या मोजल्या, महिन्याभरात छावणी झाली आणि पाऊस पडेपर्यंत चालली. आमच्या वाडीतली बरीचशी जनावरं तिनं वाचवली. संस्था आज उभी आहे ती त्यामुळं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि ते खरं आहे.

निघताना स्टेशनच्या बाहेर बेकरी होती. शांताबाईनं लेकरांसाठी पाव घेतले, सहा. फुटपाथवरच्या बाईचं ऐकून मीही सहा घेतले. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले, अजून ऊन होते. गाडीत तिनं ते मांडीवर धरले होते, खाली ठेवले नाहीत, दबतील म्हणून. रात्र गेली, कुर्डुवाडी गेली, बार्शी गेली. आमच्या बाजाराच्या गावी, वाशीला, एसटीतून उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि बाजार भरलेला होता.

तांबू बाजाराच्या कडेला उभी होती. शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावलेला, मालकानं मनापासून लावला होता. शेजारी व्यापारी. मालकानं आमच्याकडं बघितलं, शांताबाईच्या हातातल्या पावांच्या पुडीकडं बघितलं. छावणीचा कागद नव्हता. दावं व्यापाऱ्याच्या हातात गेलेलं होतं.

शांताबाई गाईपुढं गेली. पुडी सोडून एक पाव तिच्या तोंडापुढं धरला. तांबूला पाव काय ते माहीत नव्हतं. तिनं हुंगला, फुंकर मारली, मान वळवली. मग जीभ लावली आणि घेतला. शांताबाईनं दुसरा दिला. तिसरा. सहाही दिले, मग ते वर्तमानपत्रही गाईनं ओढलं, तेही दिलं.

व्यापारी हसला. रागानं नाही, सहज. "मुंबईचं खाऊन चालली की ओ बाई तुमची गाय."

शांताबाईनं त्याच्याकडं पाठ केली. माझ्याकडं वळली. मागितलं काहीच नाही, नुसतं माझ्या पिशवीकडं बघितलं. पिशवीत सहा पाव होते. तांबू मान पुढं करून उभी होती, तिला आता वास कळला होता.

मी पिशवी काखेत धरली. घरी माझी तीन पोरं वाट बघत होती. मी दिले नाहीत.